तलफेचा कारखाना

डरहॅम शहराच्या मध्यभागी ‘लकी स्ट्राइक’ ही अक्षरं रंगवलेलं एक उंच धुराडं आजही उभं आहे. त्याच्या पायथ्याशी अमेरिकन टोबॅको कंपनीच्या लाल विटांच्या इमारती आहेत. कारखाना १९८७ मध्ये बंद पडला. आता तिथं कचेऱ्या आहेत, खाण्यापिण्याची ठिकाणं आहेत, संध्याकाळी लेकरांना घेऊन आलेली कुटुंबं आहेत. नॉर्थ कॅरोलिनातल्या या गावात जुनी माणसं भेटली की एक गोष्ट हमखास सांगतात. कारखाने चालू होते तेव्हा सगळ्या गावावर गोड वास पसरलेला असायचा.

मला याचं फार नवल वाटलं, कारण मी निपाणीची. आमच्याकडच्या वखारींवरून जाताना यायचा तो वास उग्र, डोळ्यांतून पाणी काढणारा, शिंका आणणारा. उन्हात वाळलेली, गडद रंगाची, विडीची तंबाखू ती. वखारीतल्या बायका तोंडाला पदर बांधून कामाला बसायच्या. तंबाखूचा वास गोड असू शकतो हे मला इथं येऊन कळलं. मी व्यवसायानं रसायनशास्त्रज्ञ. तो गोडवा आला कुठून, याचा माग काढत गेले आणि त्या वाटेवर मला माझ्या थोरल्या भावाच्या एका प्रश्नाचं उत्तर सापडत गेलं.

दादा कॉलेजात असल्यापासून सिगारेट ओढायचा. डॉक्टरांनी दम भरल्यावर त्यानं औषधाच्या दुकानातून निकोटिनचा च्युइंगगम आणला आणि काही दिवसांनी मला फोन केला. ‘‘अगं, यातही निकोटिनच आहे ना? मग हे चघळून माझी तलफ का जात नाही? आणि या गमचं असं व्यसन लागलेला माणूस तू कधी पाहिलायस का?’’

गम सोडता न येणारी माणसं असतात, पण थोडी. निकोटिनच्या पट्टीच्या आहारी गेलेला माणूस तर शोधूनही सापडणं कठीण. उलट सिगारेट सोडू पाहणाऱ्यांतले बहुतेक जण पुन्हा तिच्याकडे वळतात. पदार्थ एकच, मग एवढी तफावत कशी? या प्रश्नाचं उत्तर रसायनशास्त्रात जेवढं आहे तेवढंच इतिहासात आहे, आणि तो इतिहास घडला तो मुलूख माझ्या घरापासून गाडीनं काही तासांच्या अंतरात सामावतो.

निकोटिनला निर्दोष ठरवायचा माझा हेतू नाही. हायडेलबर्गच्या पोसेल्ट आणि रायमान या दोघांनी १८२८ मध्ये ते तंबाखूतून वेगळं काढलं. १९४२ मध्ये लेनक्स जॉन्स्टन या ब्रिटिश डॉक्टरांनी स्वतःला आणि ३५ स्वयंसेवकांना निकोटिनची इंजेक्शनं दिली आणि त्याची हकिगत ‘लॅन्सेट’मध्ये छापली. धूम्रपान करणाऱ्यांना त्या इंजेक्शनांनी बरं वाटलं आणि काही काळ सिगारेटची आठवण होईना. म्हणजे व्यसनाच्या मुळाशी निकोटिन आहेच. त्याच्याशिवाय पुढचं काहीच उभं राहत नाही. पण उभं राहिलं ते काय आणि कसं, हे पाहण्यासाठी डरहॅमच्या वायव्येला कॅसवेल परगण्यात जावं लागतं.

१८३९ सालची गोष्ट. अबिशा स्लेड नावाच्या जमीनदाराच्या शेतावर स्टीफन नावाचा एक गुलाम तरुण तंबाखू वाळवण्याच्या कोठीतल्या जाळावर राखण करत होता. रात्री त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा विस्तव विझत आलेला. घाबरून त्यानं लोहाराच्या भट्टीवरचा लोणारी कोळसा आणून जाळावर टाकला. धूर न होता एकदम कडक उष्णता चढली आणि कोठीतली पानं लख्ख पिवळी झाली. बाजारात त्या पिवळ्या पानाला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त भाव आला. त्याचा फायदा स्लेडला झाला. इतिहासात स्टीफनचं नाव तरी उरलं. त्या शेतांवर राबलेल्या इतर हजारो गुलामांचं तेवढंही उरलं नाही.

पुढं विस्तवाऐवजी लोखंडी नळ्यांतून गरम हवा खेळवून पान वाळवायची रीत रुळली. आपण जिला व्हर्जिनिया तंबाखू म्हणतो, ती हीच. पान उन्हात किंवा वाऱ्यावर सावकाश वाळतं तेव्हा त्याच्यातली साखर पेशीच खाऊन टाकतात. झटकन उष्णता दिली की ही क्रिया थांबते आणि साखर पानात अडकून राहते. पिवळ्या पानाच्या वजनात ती वीस टक्क्यांच्या घरात जाऊ शकते. अशी साखर असलेलं पान जळलं की धूर आम्लधर्मी होतो. सगळ्या गोष्टीची मेख इथं आहे.

निकोटिन स्वतः अल्कधर्मी. चिरुटाच्या अल्कधर्मी धुरात ते मोकळं असतं, घशाला ओरबाडतं आणि गालांच्या आतल्या अस्तरातूनच हळूहळू रक्तात उतरतं. म्हणून चिरूट किंवा पाइप ओढणारा धूर सहसा तोंडातच खेळवतो. आम्लधर्मी धुरात निकोटिन क्षाराच्या रूपात बांधलेलं असतं. घसा त्याला फारसा विरोध करत नाही, पण तोंडातून ते रक्तातही शिरत नाही. ते मिळवायचं तर धूर छातीत ओढावाच लागतो. फुफ्फुसांचा अवाढव्य पृष्ठभाग ते क्षणात शोषून घेतो आणि दहा ते वीस सेकंदांत ते मेंदूत पोचतं. तंबाखू माणसाला हजारो वर्षं ठाऊक होती. ती छातीत भरून घेण्याइतकी सौम्य झाली ती या पिवळ्या पानामुळं. फुफ्फुसाचा कर्करोग हा क्वचित दिसणारा आजार होता, तो विसाव्या शतकात घरोघरी पोचला याचं एक मोठं कारण त्या कोठीत आहे असं मी मानते.

पोचण्याचा वेग हा व्यसनात फार महत्त्वाचा असतो. मेंदू कृती आणि बक्षीस यांची सांगड घालतो. दोन्हींतलं अंतर जितकं कमी तितकी गाठ घट्ट. दिवसाला एक पाकीट ओढणारा माणूस सुमारे दोनशे झुरके घेतो, वर्षाला सत्तर हजारांवर. प्रत्येक झुरक्याला काही सेकंदांत फळ. दादाच्या गममधून निकोटिन उतरायला वीस-तीस मिनिटं लागतात, पट्टीतून कित्येक तास. गमचा जन्मच तसा झाला आहे. स्वीडनमधल्या लुंड इथले क्लेस लुंडग्रेन यांनी १९६७ च्या अखेरीस औषध कंपनीतले आपले मित्र ओव्हे फेर्नो यांना कळवलं की पाणबुडीतल्या खलाशांना आत सिगारेट ओढता येत नाही तेव्हा ते तोंडातल्या तंबाखूवर भागवतात. फेर्नो स्वतः सिगारेट ओढणारे. त्यांनी निकोटिन हळूहळू सोडणारा गम बनवायला घेतला. हळू उतरणं हा त्याचा गुणच. तो भूक मारतो, चटक लावत नाही. पण छातीतल्या झुरक्याची सवय झालेल्या मेंदूला तेवढ्यानं समाधान मिळत नाही.

डरहॅमच्या वेशीवर वॉशिंग्टन ड्यूकचं घर आता सरकारी स्मारक आहे. यादवी युद्ध संपल्यावर तो सैन्यातून पायी घरी परतला आणि मुलांना हाताशी धरून उरलीसुरली तंबाखू विकू लागला. त्याचा मुलगा जेम्स ब्युकॅनन ड्यूक १८८१ पासून सिगारेटी बनवू लागला. हातानं वळणारा कुशल कामगार दिवसाला तीनेक हजार सिगारेटी वळायचा. रिचमंडच्या अॅलन अँड गिंटर कंपनीनं चांगलं यंत्र बनवणाऱ्याला ७५ हजार डॉलरचं बक्षीस लावलं होतं. व्हर्जिनियातल्या जेम्स बॉन्सॅक या पोरसवदा तरुणानं असं यंत्र बनवून १८८१ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. रिचमंडकरांनी ते नाकारलं, ड्यूकनं उचललं. १८८४ मध्ये त्याच्या कारखान्यात एका यंत्रानं दहा तासांत १ लाख २० हजार सिगारेटी काढल्या. एवढा माल खपवायचा तर तेवढे ओढणारेही घडवायला हवेत, म्हणून जाहिराती आल्या, पाकिटातली रंगीत चित्रं आली. १८९० मध्ये ड्यूकनं अमेरिकन टोबॅको कंपनी स्थापून जवळजवळ सगळा धंदा मुठीत घेतला. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिचे तुकडे केले. निपाणीत वळण्याचं जे काम माणसाच्या हातात राहिलं, ते इथं यंत्राकडे गेलं.

गोड वास मात्र विन्स्टन-सेलमनं पुरा केला. आर. जे. रेनॉल्ड्स यांनी १९१३ मध्ये तिथून ‘कॅमल’ बाजारात आणली. पिवळ्या पानात त्यांनी बर्ली मिसळली. बर्ली वाऱ्यावर वाळवतात, तिच्यात साखर जवळजवळ नसते, निकोटिन भरपूर, आणि पान स्पंजासारखं. त्यात साखर, कोको, ज्येष्ठमधाचा अर्क मुरवता येतो. हे मिश्रण एवढं लोकप्रिय झालं की ‘अमेरिकन ब्लेंड’ म्हणून जगभर तेच चाललं. गावावर पसरणारा तो वास अशा मुरवणाचाही होता. त्या काळी कुणी मेंदूचा विचार करून साखर घातली नव्हती. चव आणि घसा एवढाच हिशेब होता. पण साखर जळली की अॅसिटाल्डिहाइड तयार होतं, आणि त्याची कथा पुढं रिचमंडला येते.

त्याआधी मार्लबोरो. फिलिप मॉरिस कंपनीचा हा ब्रँड आधी बायकांसाठी म्हणून विकला जाई. मग काऊबॉय आला. जाहिरातीच्या पुस्तकांत हे यश त्या घोडेस्वाराच्या नावावर जमा आहे. कारखान्यातल्या रसायनतज्ज्ञांना आणखी एक कारण दिसत होतं. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून या कंपनीनं तंबाखूचे देठ आणि चुरा यांचा लगदा करून कागदासारखा ताव बनवताना त्यात अमोनियाचा क्षार घालायला सुरुवात केली. मार्लबोरोचा खप चढत गेला तसे प्रतिस्पर्धी तिचं पृथक्करण करू लागले. रेनॉल्ड्सच्या १९७३ च्या अंतर्गत कागदपत्रांत धुराचा सामू (पीएच) वाढला की मोकळं निकोटिन वाढतं आणि ‘धक्का’ वाढतो, असा हिशेब मांडलेला आहे. हळूहळू इतर कंपन्यांनीही अमोनिया वापरला.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अमोनियामुळं रक्तात निकोटिन खरंच जास्त किंवा जास्त वेगानं जातं का, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. फुफ्फुसातला ओलावा धुराचा सामू लगेच आपल्याकडे ओढून घेतो. अमोनिया साखरेशी संयोग पावून चॉकलेटसारखी चवही देतो, घशाची बोचही कमी करतो. कंपन्या म्हणत, आम्ही चवीसाठीच घालतो. पण सौम्य चव म्हणजे खोल झुरका, आणि खोल झुरका म्हणजे निकोटिन. मेन्थॉलचंही तसंच, घसा थंड पडतो आणि नवशिक्या पोराला ठसका लागत नाही. चव आणि व्यसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हा युक्तिवाद मला पटत नाही.

कंपन्यांना आपण काय विकतो हे माहीत होतं. ब्राउन अँड विल्यमसन कंपनीचे वकील अॅडिसन येमन यांनी १९६३ मध्येच अंतर्गत टिपणात निकोटिन व्यसन लावतं आणि आपला धंदा तेच विकण्याचा आहे, असं लिहून ठेवलं होतं. पुढच्याच वर्षी निघालेल्या सर्जन जनरलच्या गाजलेल्या अहवालानं मात्र धूम्रपानाला ‘सवय’ म्हटलं. ‘व्यसन’ हा शब्द सरकारी अहवालात यायला १९८८ उजाडलं.

आता रिचमंड. १९८० मध्ये फिलिप मॉरिसनं व्हिक्टर डीनोबल या तरुण शास्त्रज्ञाला नोकरीवर घेतलं. निकोटिनसारखाच परिणाम करणारा, पण हृदयाला त्रास न देणारा रेणू शोधायचा, हे काम. सहकारी पॉल मील. त्यांनी उंदरांच्या शिरेत नळी बसवली. दांडी दाबली की निकोटिनचा थेंब. उंदीर दांडी दाबत राहिले. मग त्यांनी अॅसिटाल्डिहाइड देऊन पाहिलं. उंदीर त्यासाठीही दांडी दाबू लागले. आणि दोन्ही एकत्र दिल्यावर दोहोंच्या बेरजेपेक्षा जास्त वेळा. एकट्या निकोटिनपेक्षा धुरात आणखी काहीतरी आहे, हे एका तंबाखू कंपनीच्याच प्रयोगशाळेत दिसलं.

या कामावरचा शोधनिबंध १९८३ मध्ये त्यांना मागे घ्यायला लावला गेला. १९८४ मध्ये प्रयोगशाळा बंद झाली, उंदीर मारून टाकले, दोघांच्या नोकऱ्या गेल्या. गुप्ततेच्या कराराखाली ते दहा वर्षं गप्प होते. १९९४ च्या १४ एप्रिलला सात तंबाखू कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढं शपथेवर सांगितलं की निकोटिन व्यसन लावतं असं आम्हाला वाटत नाही. त्याच महिन्याच्या २८ तारखेला करारातून मोकळे झालेले डीनोबल आणि मील त्याच समितीपुढं बोलले. शास्त्राच्या धंद्यातली माणूस म्हणून मला त्या दहा वर्षांचा फार त्रास होतो. निबंध वेळेवर छापला असता तर इतरांनी तो तपासला असता, खोडला असता किंवा पुढं नेला असता. धुरातलं अॅसिटाल्डिहाइड रक्तात झपाट्यानं मोडतं, मग माणसाच्या मेंदूपर्यंत ते कितपत पोचतं, हा रास्त आक्षेप आजही आहे. त्या आक्षेपाचं उत्तर शोधायला एक दशक उशीर झाला.

दुसरा धागा तंबाखू कंपन्यांच्या मुलखाबाहेर सापडला. लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत जोअॅना फाउलर जिवंत माणसाच्या मेंदूची चित्रं घेण्याच्या तंत्रावर काम करत होत्या. १९९६ मध्ये त्यांच्या गटानं ‘नेचर’मध्ये दाखवलं की धूम्रपान करणाऱ्यांच्या मेंदूत मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी हे एन्झाइम न ओढणाऱ्यांपेक्षा ४० टक्क्यांनी कमी आहे. डोपामाइन मोडून टाकणं हे या एन्झाइमच्या कामांपैकी एक. निकोटिन डोपामाइनची लाट उठवतं, आणि ती ओसरवणारा गडीच धुरानं निम्मा जायबंदी केलेला असतो. महत्त्वाचं म्हणजे हे काम निकोटिन करत नाही. धुरातले दुसरे पदार्थ करतात, त्यांत हार्मन आणि नॉरहार्मन यांची नावं घेतली जातात. सिगारेट सोडलेल्यांच्या मेंदूत एन्झाइमची पातळी पुन्हा नेहमीसारखी आढळली. पुढं फ्रान्समध्ये उंदरांना हे एन्झाइम रोखणारं औषध आधी देऊन पाहिलं, तर ते निकोटिनसाठी आधीपेक्षा कितीतरी जास्त धडपडू लागले.

मग डरहॅममध्ये जेड रोझ यांनी माणसांवर केलेले प्रयोग आठवतात. निकोटिनच्या पट्टीवर सुरुवातीला काम करणाऱ्या मोजक्या संशोधकांपैकी ते एक. निकोटिन काढून टाकलेली सिगारेट आणि शिरेतून दिलेलं निकोटिन यांची त्यांनी तुलना केली. तलफ भागवण्यात निकोटिन नसलेल्या धुरानं, त्या क्षणापुरती तरी, शिरेतल्या निकोटिनला मागे टाकलं. घशाला होणारा स्पर्श, वास, तोंडातली चव ही सारी वर्षानुवर्षं निकोटिनच्या जोडीनं आलेली असल्यानं तीच मागितली जाते. त्याआधी त्यांनी श्वासमार्ग बधिर करूनही पाहिलं होतं. झुरक्याचं समाधान कमी झालं. पुढं त्यांच्या केंद्राला फिलिप मॉरिसचा पैसा मिळाला हे वाचकानं लक्षात ठेवावं. प्रयोग मला तरीही खरे वाटतात, पण त्या क्षणापुरतेच: फिलिप मॉरिसनंच १९८९ मध्ये ‘नेक्स्ट’ ही निकोटिन काढलेली सिगारेट विकायला काढली आणि ती चालली नाही. नुसता धूर लोकांना पहिल्या काही झुरक्यांपुरता पुरतो, त्यावर कायम राहायला कुणी तयार होत नाही.

निपाणीची माणसं मला विचारतात, मग विडीचं काय? विडीत ना अमोनिया, ना कोको, ना यंत्र. खरं आहे. तरी विडीचा धूरही छातीतच जातो, आणि तेंदूचं पान धड जळत नसल्यामुळं ती विझू नये म्हणून झुरके घाईघाईनं घ्यावे लागतात. अॅसिटाल्डिहाइड आणि एन्झाइम रोखणारे पदार्थ कुठल्याही जळत्या पाल्यातून थोडेफार निघतातच. १९८१ मध्ये आमच्याकडच्या शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी रस्ता अडवला, गोळीबारात माणसं गेली. त्या शेतकऱ्यांविषयी माझ्या मनात आदर आहे. त्यांच्या हातचं पीक मी विषारी म्हणते तेव्हा मला ते जड जातं. पण पीक आणि घडवलेली सिगारेट यांत फरक आहे. शेतकऱ्यानं सामू मोजला नव्हता, उंदरांवर प्रयोग करून ते लपवले नव्हते.

१७ ऑगस्ट २००६ ला न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी सोळाशेहून अधिक पानांच्या निकालात कंपन्यांनी जनतेला पद्धतशीर फसवल्याचं नोंदवलं. अपिलांमध्ये अकरा वर्षं गेली. नोव्हेंबर २०१७ पासून कंपन्यांना वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर स्वतःच्या पैशानं कबुलीजबाब द्यावा लागला, आणि २०२३ पासून सिगारेट विकणाऱ्या दुकानांतही तशा पाट्या लागल्या. व्यसन लागेल आणि टिकेल इतकं निकोटिन राहावं अशी सिगारेटची रचना मुद्दाम केली जाते, त्यासाठी फिल्टर आणि कागद निवडले जातात, बोच कमी व्हावी म्हणून अमोनिया घातला जातो, असा त्याचा मजकूर. पेट्रोल पंपावरच्या दुकानात मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या मागं रांग थांबली होती आणि त्या रांगेतल्या कुणाचंच तिकडं लक्ष नव्हतं.

त्या मजकुरात साखरेचा उल्लेख नाही. रिचमंडच्या उंदरांचा नाही, मेंदूतल्या एन्झाइमचाही नाही. तो असायला हवा होता, कारण सोडू पाहणाऱ्या माणसाला नेमकं तेच कळायला हवं: गम चघळूनही तलफ उरते ती त्याच्या मनाच्या दुबळेपणामुळं नाही, ती ज्या धुरातून लागली त्याचा फार थोडा भाग त्या गममध्ये आहे. आपल्याकडे २०१६ पासून पाकिटाची ८५ टक्के जागा इशाऱ्याला दिली आहे आणि ती सुजलेल्या घशाचं, सडलेल्या तोंडाचं चित्र दाखवते. उरलेल्या पंधरा टक्क्यांत आत काय मुरवलंय हे छापायला पुरेशी जागा आहे.